स्वस्त ताटाचा हिशेब

‘जेवायला कुठे असतोस?’ हा प्रश्न आपल्या कॉलेजात पहिल्या आठवड्यातच विचारला जातो. नाव, गाव आणि घेतलेले विषय यांच्यानंतरची ही चौथी ओळख. कोणी सांगतो, घरून एस.टी.ने डबा येतो. कोणी सांगतो, खोलीवर हाताने करतो. आणि उरलेले सांगतात, खानावळ लावली आहे. शिकायला नांदूरघाटला राहायचे की घरी परतायचे, हे पुष्कळदा या तिसऱ्या उत्तरावर ठरते. म्हणून परवडणाऱ्या जेवणाच्या जागेचा थोडा विचार करावा, असे मनात आले.

निमित्त मात्र दूरचे घडले. एका मित्राने मोबाइलवर जपानमधल्या एका दुकानाचे चित्र दाखवले. लोक ओळीने बसलेले आणि त्यांच्या पुढ्यातून एका पट्ट्यावर लहान लहान बशा सरकत चाललेल्या. प्रत्येक बशीत भाताचा मुटका व त्यावर माशाचा काप. ‘ही सुशी,’ मित्र म्हणाला, ‘आपल्याकडे मोठ्या हॉटेलात मिळते. श्रीमंतांचे खाणे!’ आम्ही हसून विषय सोडला. पुढे वाचत गेल्यावर कळले की, मित्राचे म्हणणे मुंबई-पुण्यापुरते ठीक असले, तरी सुशीच्या मूळ गावी ते लागू पडत नाही.

पहिला गैरसमज असा की, सुशी म्हणजे कच्चा मासा. वास्तविक सुशीचा प्राण आहे भात. शिर्का, मीठ आणि थोडी साखर घालून आंबटगोड केलेला. त्यावर मासा असेल, अंड्याची वडी असेल किंवा समुद्री शेवाळाच्या पापुद्र्यात गुंडाळलेली नुसती काकडीही असेल. नुसत्या कच्च्या माशाच्या कापांना साशिमी असे वेगळे नाव आहे. फार पूर्वी मासा टिकावा म्हणून तो मीठ लावून भातात महिनोन् महिने आंबवीत; त्या जुन्या रीतीतून आजचा प्रकार उतरला. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी एदो शहरात, म्हणजे आजच्या तोकियोत, हातावर वळून लगेच खायला द्यायची सुशी रुळली. तिचे श्रेय बहुधा हानाया योहेई या विक्रेत्याला देतात. ती विकली जाई रस्त्याकडेच्या गाड्यांवर. घाईत असलेला कामकरी माणूस उभ्या उभ्या दोन घास हाताने खाई आणि कामाला जाई. आजही सुशी हाताने खाणे तिथे गैर मानत नाहीत. भाकरी मोडून खाणाऱ्या आपल्या माणसाला हे ऐकून बरे वाटेल.

पुढे सुशी दुकानात गेली, कसबी कारागिरांच्या हाती गेली आणि महागली. तिला पुन्हा सामान्य माणसाच्या आवाक्यात आणले ते योशिआकी शिराइशी या ओसाकाकडील एका लहान दुकानदाराने. गिऱ्हाईक पुष्कळ, पण नोकर ठेवणे परवडेना. अशात बिअरच्या कारखान्यात पट्ट्यावरून सरकणाऱ्या बाटल्या त्याने पाहिल्या आणि १९५८ मध्ये सरकत्या पट्ट्याचे पहिले दुकान काढले. पट्ट्याचा वेग त्याने सेकंदाला आठ सेंटीमीटर ठेवला. गिऱ्हाइकाला बशी नीट पाहता यावी आणि वाट बघून कंटाळाही येऊ नये. बशीच्या रंगावरून भाव कळतो, शेवटी रिकाम्या बशा मोजल्या की बिल तयार! १९७० च्या ओसाका येथील जागतिक प्रदर्शनात ही पद्धत लाखो लोकांनी पाहिली आणि ती देशभर पसरली. १९८१ मध्ये भाताचे मुटके वळणारे यंत्रही आले. वाढप्याचे काम पट्ट्याने केले, कारागिराचे बरेचसे काम यंत्राने केले. म्हणून मोठ्या साखळी दुकानांत दोन तुकड्यांची बशी कित्येक वर्षे १०० येनांना, म्हणजे आपल्या ५०-६० रुपयांना मिळत राहिली. २०२२ मध्ये मासे, वाहतूक आणि इंधन महागले, तेव्हा त्यांतल्या काहींना हा भाव सोडावा लागला.

इथे एक गोष्ट ध्यानात येते. स्वस्त जेवण हे आपोआप स्वस्त नसते. भाव कमी झाला, की वाचलेला पैसा कुठून तरी आलेला असतो. जपानात तो यंत्रातून आला. मग आपल्या खानावळीत तो कुठून येतो?

खानावळीची रीत आपणा सर्वांच्या परिचयाची आहे. रोज एकच भाजी, एकच वरण. निवड नाही, म्हणून नासाडी नाही. गिऱ्हाईक महिनेवार बांधलेले, म्हणून पीठ किती मळायचे ते आदल्या रात्रीच ठरते. गावाला गेलेल्याचा खाडा मांडला जातो. ज्वारी सुगीत, स्वस्ताईच्या दिवसांत भरली जाते. ही सारी काटकसर खरीच. पण एवढ्याने हिशेब पुरा होत नाही. पहाटे उठून चुलीशी बसणाऱ्या बाईची मजुरी या हिशेबात कुठेच धरलेली नसते. ती धरली, तर ताट आजच्या भावात बसणार नाही.

हे काही आजचे नाही. मुंबईत १८५४ पासून कापड गिरण्यांचा पाया घातला गेला आणि कोकणातून, घाटावरून माणसे गिरणगावात आली. बहुतेकांची बायकामुले गावी. एकेका खोलीत पाळीपाळीने झोपणाऱ्या या माणसांना जेवू घातले ते खानावळवाल्या बायकांनी. गिऱ्हाईक पैसे देणार पगार झाल्यावर, वाण्याचे सामान मात्र आज हवे. मग वाण्याकडे उधारी, सावकाराकडे व्याज. प्रसंगी अंगावरचा डागही गहाण. गिरणीचा भोंगा ज्यांच्या भाकरीवर वाजत होता, त्या बायकांची कामगार म्हणून कुठेच नोंद नव्हती.

ही गोष्ट ओळखली प्रेमा पुरव यांनी. १९७५ मध्ये त्यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केले. आरंभी चौदा खानावळवाल्या पुढे आल्या. दान न मागता मंडळाने त्यांना राष्ट्रीयीकृत बँकेचे कर्ज मिळवून दिले. तारण कसले, तर एकमेकींच्या शब्दाचे. बायकांनी कर्ज फेडले आणि सावकाराचा फास सैल झाला. पुढे १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा मोठा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगारांचा पगार थांबला, तेव्हा त्याची झळ गिरणीच्या फाटकाशी थांबली नाही. ती थेट खानावळीच्या चुलीपर्यंत गेली. कारण जेवणाऱ्याची मिळकत आणि वाढणारीची मिळकत एकाच दोरीला बांधलेली होती.

तिसरी वाट सरकारची. १९९५ मध्ये राज्यात एक रुपयाची झुणका-भाकर आली. काही वर्षांत ती योजना बंद पडली. २६ जानेवारी २०२० रोजी शिवभोजन थाळी सुरू झाली: दोन चपात्या, भाजी, वरण, भात, किंमत दहा रुपये. तिचा खर्च मात्र शहरात ५० आणि ग्रामीण भागात ३५ रुपये धरला होता. वरची रक्कम शासन भरणार होते. म्हणजे इथेही ताट स्वस्त नव्हते, त्याचे पैसे दुसरीकडून यायचे होते.

यंत्र, शासन किंवा एखाद्या बाईचे न मोजलेले श्रम. स्वस्त ताटाचे उरलेले पैसे या तिघांपैकी कोणीतरी भरते. लहान गावात यंत्र येत नाही, योजना येते आणि जाते. उरते ती बाई.

हे मला पुस्तकातून कळले नाही. माझे आईवडील ऊसतोडीला जातात. दसऱ्या-दिवाळीला गाडी निघते, ती उन्हाळ्याच्या तोंडी परत येते. उचल आधीच खर्ची पडलेली असते, म्हणून खानावळीचे माझे पैसे मधले तीन-चार महिने थकतात. मावशींनी एकदाही ताट मागे घेतले नाही. ‘परीक्षा होऊ दे, मग बघू,’ एवढेच त्या म्हणत. मागच्या माघात मी त्यांच्यासाठी किराणा आणायला गेलो, तेव्हा दुकानदाराने वही उघडून दाखवली. त्यांच्या नावापुढे जी बाकी होती, तिच्यात माझ्यासारख्या सात-आठ जणांचे महिने होते. माझी उधारी मी मावशींकडे ठेवली होती, असे मला वाटत असे. खरे तर ती त्यांनी स्वतःच्या नावावर घेतली होती.

त्या दिवसापासून निदान दोन गोष्टी मी पाळतो. गावाला जाणार असेन तर आदल्या दिवशी सांगतो, म्हणजे केलेली भाकरी वाया जात नाही. आणि हाती पैसे आले की पहिला हिशेब खानावळीचा करतो. गोष्टी लहान आहेत. पण आपल्या ताटाचे उरलेले पैसे कोण भरते, हे एकदा कळल्यावर नुसते पोट भरून उठणे जड जाते. ‘जेवायला कुठे असतोस?’ या प्रश्नाला जोडूनच आणखी एक प्रश्न आपण एकमेकांना विचारू लागलो, तर बरे होईल: ‘आणि तिथला हिशेब कुठवर आला?’