मेंदूचा हुकूम आणि पीयूषिकेची अंमलबजावणी

आपल्या मंडळींपैकी बऱ्याच घरांत थायरॉइडचा एखादा रिपोर्ट सापडेल. त्यात 'टीएसएच वाढलेला' असे लिहिलेले असते आणि डॉक्टर मात्र म्हणतात, "थायरॉइड कमी पडतेय." मी व्यवसायाने सॉफ्टवेअर इंजिनिअर, डॉक्टर नव्हे, पण हे कोडे इंजिनिअरच्या नजरेने पाहिले की सहज सुटते.

इथे मेनूथला आपल्या घरांत थर्मोस्टॅट असतो. खोली गार झाली की तो बॉयलर चालू करतो, ऊब आली की बंद करतो. शरीरातही हीच व्यवस्था आहे, फक्त तिला तीन पायऱ्या आहेत. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस असतो. त्याच्याखाली देठाला लोंबणारी, हरभऱ्याएवढी, जेमतेम अर्ध्या ग्रॅमची पीयूषिका, म्हणजेच पिट्यूटरी ग्रंथी. हायपोथॅलॅमसने सोडलेले टीआरएच हे संप्रेरक खास रक्तवाहिन्यांतून थेट पीयूषिकेत उतरते. मग पीयूषिका टीएसएच सोडते आणि थायरॉइड कामाला लागते. थायरॉइडचे संप्रेरक पुरेसे झाले की तेच वरच्या दोघांना 'आता पुरे' असे कळवते. थायरॉइड थकली, तर पीयूषिका अधिक जोरात हाका मारते. हाच तो वाढलेला टीएसएच! उलट पीयूषिकाच आजारी असेल, तर टीएसएच नॉर्मल दिसूनही फसगत होऊ शकते. म्हणून अशी शंका असल्यास डॉक्टर फ्री टी-४ सुद्धा पाहतात.

टीआरएचची रचना १९६९ साली उलगडली. त्यासाठी गिलेमिन यांनी मेंढ्यांचे आणि शॅली यांनी डुकरांचे लाखो मेंदू पिंजून काढले होते. १९७७ साली दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. गिलेमिन यांच्याच प्रयोगशाळेत १९७३ मध्ये सोमॅटोस्टॅटिन सापडले. हे संप्रेरक पीयूषिकेच्या वाढ-संप्रेरकाला लगाम घालते.

हा लगाम सुटला तर काय होते, याचे उदाहरण याच बेटावरचे आहे. उत्तर आयर्लंडमधला चार्ल्स बर्न सुमारे साडेसात फूट उंच होता. १७८३ साली, अवघ्या बाविसाव्या वर्षी तो वारला. १९०९ मध्ये त्याची कवटी उघडली, तेव्हा पीयूषिकेची खोबण मोठी झालेली दिसली. २०११ मध्ये त्यामागचा जनुकीय दोषही सापडला. आज अशा रुग्णांना सोमॅटोस्टॅटिनच्या धर्तीवरची इंजेक्शने देता येतात.

आता सर्वांत महत्त्वाचे. दमा, सांधेदुखी किंवा त्वचेच्या विकारासाठी अनेकजण भारतातून स्टेरॉइडच्या गोळ्या आणतात. बाहेरून स्टेरॉइड मिळाले की मेंदूला वाटते, शरीरात भरपूर आहे. तो हुकूम थांबवतो आणि मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथी सुस्तावतात. तीन-चार आठवडे किंवा अधिक काळ घेतलेल्या गोळ्या एकदम बंद केल्या, तर त्या ग्रंथी लगेच जाग्या होत नाहीत. विलक्षण थकवा, उलट्या, रक्तदाब घसरणे, शुद्ध हरपणे असा प्रकार जिवावर बेतू शकतो. म्हणून पुडा संपला, सुट्टी लांबली, तरी गोळ्या मनाने थांबवू नका. जीपींच्या सल्ल्याने हळूहळू कमी करा. गावाहून आणलेल्या प्रत्येक औषधाचे नाव त्यांना सांगा. वरील लक्षणे दिसली तर ९९९ किंवा ११२ फिरवा आणि स्टेरॉइड चालू असल्याचे आवर्जून सांगा.

शेवटी खर्चाचे. ड्रग्ज पेमेंट स्कीममध्ये नाव नोंदवले की मंजूर औषधांसाठी कुटुंबाला महिन्याला जास्तीत जास्त ८० युरो भरावे लागतात (मार्च २०२२ पासून). हायपोथॅलॅमसमध्ये तयार होऊन पीयूषिकेत साठणारे संप्रेरक कमी पडल्यास सतत तहान व लघवी लागते. त्या डायबेटिस इन्सिपिडसचा समावेश लाँग टर्म इलनेस स्कीममध्ये आहे. त्याची औषधे, उत्पन्न कितीही असले तरी, मोफत मिळतात. जीपींची फी आणि खिशातून भरलेल्या औषधांच्या पावत्या जपून ठेवा. त्यावर २० टक्के करसवलत मागता येते, मागील चार वर्षांचीसुद्धा. हरभऱ्याएवढ्या ग्रंथीसाठी एवढी काळजी घ्यायला हरकत नसावी!