किती जड गेलं? दहापैकी सांगा

आंबिवलीहून आम्ही बोलतोय. आजचा विषय ताकदीच्या व्यायामाचा आहे, आणि त्यातलाही एकच प्रश्न घेतलाय. केलेला व्यायाम आपल्याला किती जड गेला, हे मोजायचं कसं?

“व्यायाम कशाला? दिवसभर राबतोच की!” असं आमच्या गटातल्या बायाही म्हणतात, आणि त्यात खोटं काही नाही. पाण्याचा हंडा आहे, भाजीची पाटी आहे, लोकलसाठी स्टेशनचा जिना आहे, पावसाळ्यात वाकून भातलावणी आहे. पण कामाचं ओझं आपण ठरवत नाही. काम संपेपर्यंत थांबताही येत नाही. त्यामुळे तीच कंबर आणि तेच खांदे रोज शिणतात, बाकीच्या अंगाला काही मिळत नाही. व्यायामात वजन आपण ठरवतो, किती वेळा उचलायचं ते आपण ठरवतो आणि विश्रांतीही आपणच घेतो. वय वाढतं तसे स्नायू कमी होत जातात. पाळी थांबल्यावर हाडंही लवकर ठिसूळ व्हायला लागतात. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितलं, की चालणं-फिरणं तर हवंच, पण आठवड्यातून किमान २ दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायामही मोठ्या माणसांनी करावा.

आता मोजायचं कशासाठी? फार हलकं केलं तर ताकद वाढत नाही, आणि झेपेना इतकं केलं तर दुखापत होते. आपल्या सांगलीचा संकेत सरगर २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत वजन उचलायला उतरला होता. त्याने एका प्रकारात ११३ किलो आणि दुसऱ्यात १३५ किलो उचलले, म्हणजे एकूण २४८. पुढे १३९ किलो उचलताना त्याचं कोपर दुखावलं. सुवर्णपदक २४९ किलोवाल्या मलेशियाच्या खेळाडूला गेलं आणि संकेतला रौप्य मिळालं. १३५ आणि १३९ मध्ये फक्त ४ किलोंचा फरक. शरीर आपल्या मर्यादेजवळ असतं तेव्हा एवढासा फरकही मोठा ठरतो. आपल्याला पदक नको आहे, म्हणून आपण त्या मर्यादेपासून दोन पावलं अलीकडेच थांबायचं.

मोजण्याची पहिली रीत बाहेरून दिसणारी. आपल्या आज्या दळण पायलीने मोजायच्या, तशीच. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. ५ लिटरचा कॅन भरला की ५ किलोचं वजन तयार झालं, बाजारातून काही आणायला नको. तो कॅन जमिनीवरून कमरेपर्यंत १० वेळा उचलला, थोडं थांबलो, आणि अशा ३ फेऱ्या केल्या, तर ५ गुणिले १० गुणिले ३, म्हणजे १५० किलो झाले. जिममध्ये या फेरीलाच सेट म्हणतात. हा आकडा वहीत लिहिला की महिन्याभराने आपण कुठे होतो आणि कुठे आलो, ते दिसतं.

पण हा हिशेब अर्धाच आहे. आजीने दोन पायल्या दळल्या हे घरात सगळ्यांना कळायचं, पण ते तिला किती जड गेलं हे कुणी विचारायचं नाही. तेच १५० किलो विशीतल्या मुलीला हलके वाटतील आणि नुकत्याच तापातून उठलेल्या बाईला डोंगराएवढे. म्हणून दुसरी रीत हवी, आतून मोजण्याची. स्वीडनमधले मानसशास्त्रज्ञ गुन्नार बोर्ग यांनी १९६० च्या दशकात यावर काम केलं. माणसाला श्रम किती वाटले हे त्यालाच विचारायचं आणि त्याला आकडा द्यायचा, ही त्यांची पद्धत. त्यांची पहिली मोजपट्टी ६ ते २० अशी होती, पुढे शून्य ते १० अशीही आली. आज डॉक्टर आणि खेळाचे प्रशिक्षकही ती वापरतात.

ताकदीच्या व्यायामात हा आकडा काढायची सोपी युक्ती आहे. फेरी संपली की स्वतःला विचारा, “अजून किती वेळा नीट उचलता आलं असतं?” एकदाही नाही, तर १०. आणखी एकदा जमलं असतं, तर ९. दोनदा, तर ८. तीनदा, तर ७. चार ते सहा वेळा जमलं असतं, तर ५ किंवा ६. बोलता-बोलता कितीही वेळा झालं असतं, तर ते फारच हलकं. “नीट” हा शब्द मात्र विसरू नका. कंबर वाकडी करून किंवा हिसका देऊन उचललेलं मोजायचं नाही. सुरुवातीचे काही आठवडे ५-६ वर राहा. अंगाला वळण लागलं की ७-८ पर्यंत जा. ९ आणि १० ची आपल्याला गरज नाही.

तिसरी रीत सबंध दिवसाच्या व्यायामाची. ती अमेरिकेतले अभ्यासक कार्ल फॉस्टर यांनी रुळवली. व्यायाम संपल्यावर अर्ध्या तासाने, दम आणि घाम ओसरला की, सगळा व्यायाम मिळून किती जड गेला ते दहापैकी सांगायचं आणि त्याला मिनिटांनी गुणायचं. दोघींनी ३० मिनिटं व्यायाम केला. एकीला ४ वाटला, तिचे १२० झाले. दुसरीला ७ वाटला, तिचे २१० झाले. वेळ सारखाच, पण दुसरीच्या अंगावर भार जास्त पडला. तिने पुढच्या खेपेला वजन कमी करावं किंवा एक फेरी गाळावी. आठवड्याची बेरीज एकदम दुप्पट होऊ देऊ नका, हळूहळू वाढवा. लावणीच्या किंवा कापणीच्या दिवसांत शेतातल्या कामालाही दहापैकी आकडा द्या. तो ७-८ येत असेल तर त्या दिवशी व्यायाम नको, झोप हवी.

घामावर जाऊ नका. मे महिन्यात आपल्या दमट हवेत नुसतं बसलं तरी घाम येतो. दुसऱ्या दिवशी अंग दुखलं म्हणजेच व्यायाम चांगला झाला, हेही खरं नाही. नवीन हालचाल केली की थोडं दुखतंच.

आता सगळ्यात महत्त्वाचं. वजन तेच, वेळाही त्याच, पण मागच्या महिन्यात ५ वाटणारं आज ८ वाटतंय, तर शरीर काहीतरी सांगतंय. कधी झोप कमी झालेली असते, कधी पाळी चालू असते, कधी ताप येऊन गेलेला असतो. पण दोन-तीन आठवडे असंच राहिलं, जिना चढताना धाप लागते आहे, थकवा जात नाही, तर रक्त तपासून घ्या. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी आढळलं. रक्त कमी असलं की स्नायूंना प्राणवायू पुरत नाही आणि रोजचं कामही जड जातं. आपण त्याला आळस म्हणतो, घरचेही म्हणतात. वहीतला आकडा समोर असला की तसं म्हणता येत नाही. ती वही घेऊन प्राथमिक आरोग्य केंद्रात जा किंवा आशाताईंना दाखवा.

सुरुवात चार व्यायामांनी करा. ओट्यावर किंवा खुर्चीवर बसून हात न टेकता उठणं, भिंतीला हात टेकून शरीर पुढे-मागे ढकलणं, कॅन उचलणं आणि टाचा वर करून चवड्यांवर उभं राहणं. प्रत्येकी ८ ते १० वेळा, २ फेऱ्या, आठवड्यातून २ दिवस, मध्ये किमान एक दिवस विश्रांती. वजन उचलताना श्वास सोडायचा, रोखून धरायचा नाही.

गरोदर बाईने, नुकतंच बाळंतपण किंवा ऑपरेशन झालेल्या बाईने, अंग बाहेर येतं तिने, आणि रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असेल तिने आधी डॉक्टरांना विचारावं. छातीत दुखलं, चक्कर आली किंवा सांध्यात कळ गेली तर आकडा न काढता तिथेच थांबावं. छातीतलं दुखणं असेल तर लगेच दवाखाना गाठावा.

बचत गटाच्या वहीत आपण रुपया-रुपयाचा हिशेब ठेवतो. त्याच वहीच्या मागच्या पानावर पाच रकाने आखा: तारीख, वजन, किती वेळा, किती फेऱ्या आणि दहापैकी किती जड. पुढच्या बैठकीत कर्जाचे हप्ते गोळा झाले की ते पानही एकमेकींना वाचून दाखवा. कुणाचा आकडा जास्त हे बघायचं नाही. कुणाचा आकडा विनाकारण चढतोय, ते बघायचं आणि तिच्याबरोबर दवाखान्यात जायचं.