पन्नाशीची गुपचूप सहल

आमच्या घरी वाढदिवस म्हणजे औक्षण, गोडाचा शिरा आणि फार झाले तर वर्ध्याला जाऊन एखादा सिनेमा. परंतु सौ.ची पन्नाशी जवळ आली तेव्हा एवढ्यावर भागणार नाही हे मला उमगले होते. तिचे बालपण पुलगावातच, वर्धा नदीच्या काठी गेले. भावांच्या पाठोपाठ डोहात उड्या टाकूनच ती पोहायला शिकली. जत्रेतला आकाशपाळणा थांबला की मी देवाचे आभार मानतो आणि ही दुसरे तिकीट काढते. गाविलगडाच्या तटावर उभी राहून ती खालची दरी न्याहाळत होती, तेव्हा मी मागे बसून तिच्या पदराचे टोक घट्ट धरून ठेवले होते. अशा जोडीदाराला भेट तरी काय द्यावी? धाडसाची सहल द्यावी आणि तीही न सांगता, असे मी ठरवले. त्या खटाटोपात जे शिकलो ते येथे मांडतो, कारण स्टाफरूममध्ये दोघातिघांनी 'सर, जमवले कसे?' असे विचारून झाले आहे.

प्रथम या स्वभावाविषयी. मार्व्हिन झुकरमन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने थराराची ओढ मोजण्यासाठी १९६४ साली एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. पुढे त्याने या ओढीचे चार पैलू मांडले. धाडसाची आवड हा त्यांतला एक, आणि कंटाळा चटकन येणे हा दुसरा. त्याच्या मते अशा माणसाला धोका हवा असतो असे नाही. त्याला अनुभव हवा असतो आणि त्यासाठी धोका पत्करायची त्याची तयारी असते. 'पत्करणे' हा शब्द मी तेव्हा नुसता वाचून सोडून दिला. अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष थोरले जॉर्ज बुश यांनी २०१४ साली आपला नव्वदावा वाढदिवस हवाई छत्रीने उडी घेऊन साजरा केला. पुण्याच्या शीतल महाजन यांनी २००४ साली उत्तर ध्रुवावर आकाशातून उडी घेतली. २००८ साली त्यांचे लग्नही गरम हवेच्या फुग्यात लागले. दोघांनीही उडी कळून-सवरून घेतली होती. मी मात्र दुसऱ्याच्या नावाने उडी ठरवायला निघालो होतो!

ठिकाणाचा विचार करताना चिखलदरा आधी आठवले, पण तिथे आम्ही तीनदा जाऊन आलो होतो. मेळघाटात बुद्धपौर्णिमेच्या रात्री वनखाते मचाणावर बसून प्राणी पाहू देते. अनुभव अपूर्वच, पण बोलायचे नाही, हलायचे नाही, ही हिला भेट नव्हे, शिक्षाच झाली असती. शेवटी सांदण दरी नक्की केली. ही दरी अहिल्यानगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यात, साम्रद गावाजवळ, कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याच्या परिसरात आहे. जमिनीला चीर पडावी तशी ती अरुंद घळ आहे. दोन्ही बाजूंना सरळसोट कातळ, पायाखाली हे भले मोठे धोंडे आणि वाटेत पाण्याचे दोन डोह. पुढे कातळाचे टप्पे दोरावरून उतरत गेले की माणूस घाटमाथ्यावरून थेट कोकणात, डेहण्याच्या बाजूला बाहेर पडतो. पुलगावहून रात्रभर रेल्वेने इगतपुरी, तेथून जीपने घोटी, शेंडी आणि साम्रद.

पावसाळ्यात मात्र तिथे जाऊ नये. वर कुठेतरी सर आली की त्या चिंचोळ्या घळीत पाण्याचा लोंढा उतरतो आणि पळायला बाजूला जागा नसते. हिचा वाढदिवस सुदैवाने डिसेंबरातला. मी नाशिकला मित्राच्या मुलाचे लग्न असल्याची थाप मारली. (तिने लगेच आहेराची साडी आणली, ती अजून कपाटात आहे.) सहल नेणाऱ्या संस्थेकडे पर्यटन संचालनालयाची नोंदणी आहे ना, हे आधी विचारले. साहसी पर्यटनाविषयी राज्याचे धोरण २०२१ साली आले, तेव्हापासून ही नोंदणी लागते. ती पाहिल्याशिवाय कोणीही पैसे भरू नयेत.

येथवर सगळे सुरळीत चालले होते. मग अर्ज आला. दम लागतो का, चक्कर येते का, गुडघे दुखतात का, औषधे कोणती चालू आहेत. खाली 'सहभागी व्यक्तीने स्वतः सही करावी.' सत्तावीस वर्षांच्या संसारानंतर एवढे मला ठाऊक नसेल काय? मी सगळीकडे 'नाही' लिहिले. खात्री असावी म्हणून आमच्या डॉक्टरांना विचारले, तर ते म्हणाले, "वहिनींची प्रकृती वहिनींच्या परवानगीशिवाय मी तुम्हालाही सांगणार नाही." जरा रागच आला. संध्याकाळी आमचा एक माजी विद्यार्थी भेटला. सह्याद्रीत बराच भटकलेला पोरगा. त्याला अर्ज दाखवला. तो म्हणाला, "सर, काहून मॅडमची सही तुम्ही करता? खाली उतरताना दोर तर त्याच धरतील ना."

त्या रात्री मी हिला अर्धे सांगितले. ठिकाण सांगितले नाही. पण पाच-सहा तास धोंड्यांवरून चालायचे, गार पाण्यातून जायचे, दोरावर उतरायचे, आणि एकदा उतरायला लागले की मागे फिरणे कठीण, हे सगळे सांगितले. तिचा चेहरा उजळला. मग अर्ज हातात घेऊन ती बराच वेळ गप्प बसली. चकरेच्या रकान्यात तिने 'होय' लिहिले. दोन महिन्यांपासून सकाळी उठताना तिला भोवळ येत होती. "अहो, तुम्ही उगीच घाबराल म्हणून बोलले नाही," म्हणाली. दुसऱ्या दिवशी तपासले तेव्हा रक्तदाब बराच वाढलेला निघाला. मी एकटाच गुपित बाळगून आहे असे इतके दिवस समजत होतो.

डिसेंबरची सहल रद्द केली. गोळ्या सुरू झाल्या, जेवणातले लोणचे-पापड गेले. आम्ही रोज पहाटे नदीच्या पुलापर्यंत चालत जाऊ लागलो. नवे बूट याच चालण्यात मुरवून घ्यावेत. सहलीच्या दिवशी प्रथम घातलेला बूट पहिल्या तासात टाच सोलतो. डॉक्टरांनी होकार दिल्यावर आम्ही फेब्रुवारीत निघालो. वाढदिवस उलटून गेला होता, पण डोहांतले पाणी तोवर उतरले होते. वाढदिवसाची तारीख हे सहलीला जाण्याचे सर्वांत कच्चे कारण आहे, असे आता मला वाटते.

दोराविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण माझी भीती तिथेच होती. ओढाळ बैलाला आवरताना आपण दोर खुंट्याभोवती एक वेढा घालतो. मग एका हाताने बैल आवरतो. येथेही तेच तत्त्व. कमरेच्या पट्ट्याला इंग्रजी आठच्या आकड्यासारखी धातूची कडी असते. तिच्यातून दोर वेढा घेऊन जातो आणि त्या घर्षणावर आपला भार तोलला जातो. खालचा हात दोर धरून मांडीशी ओढला की माणूस जागच्या जागी थांबतो. ढिला केला की सरकतो. शिवाय दुसरा दोर वर उभ्या असलेल्या माणसाच्या ताब्यात असतो. केस आणि ओढणी मात्र नीट आवळून घ्यावीत, कडीत अडकली तर मधेच लटकावे लागते. सर्वांत अवघड गोष्ट म्हणजे मागे रेलणे. भित्रा माणूस कातळाला चिकटतो आणि त्यामुळेच त्याचे पाय घसरतात. रेलले की तळवे कातळावर पक्के बसतात. हे मी अनुभवाने सांगतो आहे, कारण पहिल्या टप्प्यावर माझे दोन्ही गुडघे सोलवटले.

ही माझ्या आधी उतरली. कडेवर पाठमोरी उभी राहिली, एकदा माझ्याकडे पाहिले आणि मागे रेलली. मग दिसेनाशी झाली. दोर तेवढा हलत होता. थोड्या वेळाने खालून तिचा आवाज आला, "अहो, पाय लांब करा, पाय!"

पुढच्या वर्षी मला पंचावन्न पूर्ण होतील. परवा टेबलावर एक कोरा अर्ज ठेवलेला दिसला. कुठला ते ती सांगत नाही. 'पोहता येते का?' या रकान्याखाली तिने पेन्सिलीने रेघ ओढली आहे, आणि मला पोहता येत नाही.