जुळलेले उत्तर आणि बरोबर उत्तर

प्रवेश परीक्षेचा पेपर सुटला की केंद्राच्या फाटकापाशी पुढचा अर्धा तास काय चालते, ते आपण सर्वांनी पाहिले आहे. "त्या चेंडूच्या प्रश्नाचं काय लिहिलंस?" "शून्य." "माझंही शून्य." तिसराही शून्यच म्हणतो आणि तिघांचे चेहरे उजळतात. चौथी मुलगी ९.८ लिहून आलेली असते. ती गप्प होते.

ही गप्प झालेली मुलगी हा आमच्या लेखाचा विषय आहे. वैद्यकीय प्रवेशाच्या 'नीट' परीक्षेत बरोबर उत्तराला ४ गुण मिळतात आणि चुकीच्या उत्तराला १ गुण वजा होतो. म्हणजे एका प्रश्नावर ५ गुणांचा हिशेब हलतो. अशी पाच-सहा उत्तरे 'जुळली नाहीत' की मुले घरी जाऊन सांगतात, यंदा काही खरे नाही, पुन्हा एक वर्ष बसावे लागणार. दुसऱ्या दिवशी वेगळी परीक्षा असेल तर तिच्या अभ्यासातून मन उडते. मग आपण हे विचारायला हवे, की उत्तर जुळणे हा ते बरोबर असल्याचा पुरावा कितपत धरावा?

आधी साधा हिशेब मांडू. समजा, प्रश्नाला चार पर्याय आहेत आणि प्रत्येक विद्यार्थ्याची अशा प्रश्नांपैकी ६० टक्के उत्तरे बरोबर येतात. चुकणारा विद्यार्थी उरलेल्या तीन पर्यायांपैकी कोणताही एक सारख्याच संभाव्यतेने निवडतो. दोघांनी १०० प्रश्नांची उत्तरे ताडून पाहिली, तर सुमारे ३६ प्रश्नांत दोघेही बरोबर असतील. दोघेही चुकले असे १६ प्रश्न असतील. पण दोघांनी एकच चुकीचा पर्याय निवडला असे त्यांपैकी जेमतेम पाच. म्हणजे जुळलेल्या ४१ उत्तरांपैकी ३६ बरोबर, शेकडा ८७. तिघांचे जुळले तर हे प्रमाण शेकडा ९७ वर जाते. फाटकापाशी उजळलेले चेहरे अगदीच निराधार नसतात. काँदोर्से या फ्रेंच गणितज्ञाने १७८५ साली हेच मतदानाच्या संदर्भात दाखवले होते. दोन पर्यायांपैकी बरोबर पर्याय निवडण्याची प्रत्येकाची संभाव्यता निम्म्याहून जास्त असेल आणि प्रत्येक जण स्वतंत्रपणे मत देत असेल, तर मतदार वाढतील तसे बहुमत अधिकाधिक अचूक होत जाते.

पण याच प्रमेयाची दुसरी बाजू आहे. ही संभाव्यता निम्म्याहून कमी असेल, तर मतदार वाढतील तसे बहुमत अधिकाधिक खात्रीने चुकते!

असे कधी होते? आपल्या चेंडूकडे वळू. प्रश्न असा होता: चेंडू सरळ वर फेकला, तर सर्वोच्च बिंदूपाशी त्याचे त्वरण किती? तेथे चेंडू क्षणभर थांबतो, म्हणून 'शून्य' हे उत्तर सहज सुचते. शून्य असतो तो वेग. त्वरण तेथेही ९.८ मीटर प्रति सेकंद वर्ग इतकेच, खालच्या दिशेने असते. ते खरोखर शून्य झाले असते तर चेंडू वरच लटकून राहिला असता. 'शून्य' हा पर्याय प्रश्नपत्रिका काढणाऱ्याने मुद्दाम ठेवलेला असतो. मुले नेहमी जेथे घसरतात, तेथूनच असे पर्याय येतात. तेव्हा चुकणारे तीन पर्यायांत सारखे विखुरतात हे आपले गृहीतक येथे कोसळते. समजा, वर्गातील ३० टक्के मुले बरोबर उत्तर देतात, ६० टक्के या एका मोहात सापडतात आणि उरलेली इतर दोन पर्यायांत पाच-पाच टक्के वाटली जातात. आता दोघांचे उत्तर जुळले तर ते बरोबर असण्याची शक्यता शेकडा २० उरते. तिघांचे जुळले तर शेकडा ११. जितके जास्त जण जुळतील तितका विश्वास कमी ठेवायला हवा, आणि आपण तर नेमके उलटे करतो.

याचे सर्वांत गमतीदार उदाहरण अमेरिकेतले आहे. तेथील महाविद्यालय प्रवेशासाठी घेतल्या जाणाऱ्या 'सॅट' परीक्षेत मे १९८२ मध्ये एक प्रश्न होता. लहान वर्तुळाची त्रिज्या मोठ्या वर्तुळाच्या त्रिज्येच्या एकतृतीयांश आहे. लहान वर्तुळ मोठ्याच्या कडेवरून बाहेरून घरंगळत पुन्हा मूळ जागी येते, तेव्हा ते स्वतःभोवती किती फेरे घेते? पर्याय होते दीड, तीन, सहा, साडेचार आणि नऊ. मोठ्या वर्तुळाचा परीघ तिप्पट, म्हणून उत्तर तीन. परीक्षकांनीही तेच धरले होते. सुमारे तीन लाख मुले त्या परीक्षेला बसली होती. त्यांपैकी फक्त तिघांनी लिहून कळवले की बरोबर उत्तर चार आहे आणि ते पर्यायांत नाहीच. ते खरे निघाले. तो प्रश्न रद्द करून गुण पुन्हा मोजावे लागले.

चार कसे? लहान वर्तुळाची त्रिज्या १ धरली तर त्याचा मध्यबिंदू ३ अधिक १, म्हणजे ४ त्रिज्येच्या वर्तुळावरून फिरतो. घरंगळणाऱ्या चाकाचा मध्य जितके अंतर कापतो, त्याला चाकाच्या परिघाने भागले की फेरे मिळतात. येथे ते चार येतात. वर्गात हे दाखवायला एक रुपयाची दोन सारखी नाणी पुरतात. एक टेबलावर दाबून धरा आणि दुसरे त्याच्या कडेकडेने न घसरू देता फिरवा. फिरवण्यापूर्वी मुलांना फेऱ्यांचा अंदाज विचारा. बहुतेक जण एक म्हणतील, नाणे दोन फेरे घेईल.

काँदोर्सेची 'स्वतंत्रपणे' ही अटही फाटकापाशी क्वचितच पाळली जाते. एकाच शिकवणीला जाणारी, एकाच टिपणवहीवरून पाठ केलेली तीस मुले ही तीस मते नव्हेत. २०२४ च्या 'नीट' परीक्षेत भौतिकशास्त्राचा एक प्रश्न अणूंविषयी होता. प्रत्येक मूलद्रव्याचे अणू स्थिर असतात आणि आपापला वैशिष्ट्यपूर्ण वर्णपट देतात, असे एक विधान त्यात होते. पाठ्यपुस्तकाच्या जुन्या आवृत्तीनुसार ते बरोबर ठरत होते, नव्या आवृत्तीनुसार नाही. किरणोत्सारी मूलद्रव्यांचे अणू स्थिर नसतात, हे तर आपले दहावी-बारावीचे विद्यार्थीही जाणतात. परीक्षा घेणाऱ्या संस्थेने आधी दोन्ही उत्तरांना गुण दिले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, न्यायालयाने दिल्लीच्या आयआयटीतील तीन तज्ज्ञांचे मत मागवले आणि त्यांनी एकच उत्तर बरोबर ठरवले. जुन्या पुस्तकावर विसंबलेल्या सुमारे चार लाख विद्यार्थ्यांचे ५ गुण कमी झाले. पैकीच्या पैकी गुण मिळालेल्यांची संख्या ६१ वरून १७ वर आली. एवढ्या मोठ्या संख्येने उत्तरे जुळली होती, आणि त्यामागचा साक्षीदार एकच होता: एक जुने वाक्य. (पुस्तकातल्या वाक्यावर विसंबलेल्या मुलांना दोष देणे आम्हाला योग्य वाटत नाही. पण तो वेगळा विषय.)

मग मुलांनी उत्तरे ताडून पाहूच नयेत का? तसे सांगून ती ऐकणार नाहीत, आणि आमच्या मते ऐकूही नये. फक्त 'काय लिहिलंस' याच्या जागी 'का लिहिलंस' असे विचारले, की चित्र पालटते. हार्वर्ड विद्यापीठात एरिक माझूर यांनी १९९१ पासून भौतिकशास्त्राच्या वर्गात हे पद्धतशीरपणे केले. प्रश्न द्यायचा, प्रत्येकाने एकट्याने उत्तर नोंदवायचे, मग शेजाऱ्याला आपले कारण पटवून पाहायचे आणि पुन्हा उत्तर द्यायचे. दुसऱ्या वेळी बरोबर उत्तरे वाढत. यावर शंका अशी घेता येते, की कच्ची मुले हुशार शेजाऱ्याचे ऐकून उत्तर बदलत असतील. कोलोरॅडो विद्यापीठातील संशोधकांनी २००९ साली हीच शंका तपासली. चर्चेनंतर बरोबर उत्तर न सांगता त्यांनी त्याच तत्त्वावरचा दुसरा प्रश्न प्रत्येकाला एकट्याने सोडवायला दिला. मुलांची कामगिरी सुधारलेली दिसली. ज्या गटांत सुरुवातीला कोणालाच उत्तर आले नसावे, तेथेही ती सुधारली होती.

आपल्या सराव परीक्षेनंतर हे करून पाहता येईल. पेपर गोळा केल्यावर दहा मिनिटे द्यावीत. प्रत्येकाने ज्या तीन प्रश्नांविषयी शंका वाटते त्यांचे उत्तर आणि एका ओळीत कारण लिहावे. मगच गटाने बोलावे. शून्य लिहिणाऱ्या तिघांना कारण सांगताना 'चेंडू थांबतो म्हणून' असे म्हणावे लागेल आणि चौथी विचारील, "मग तो खाली का येतो?"