शनीची वलये

शनी हा ग्रह साध्या डोळ्यांना एखाद्या पिवळसर ताऱ्यासारखा दिसतो. लहानशा दुर्बिणीतून पाहिले असता मात्र त्याच्या भोवती, त्यास कोठेही स्पर्श न करणारे, एक सपाट तेजस्वी कडे दृष्टीस पडते. हे कडे धातूच्या तबकडीप्रमाणे अखंड भासते. वस्तुतः ते अखंड नाही व असणे शक्यही नाही. शनीच्या जवळ कोणतेही यान पोहोचण्यापूर्वी सुमारे सव्वाशे वर्षे ही गोष्ट केवळ गणिताच्या आधारे सिद्ध झाली होती.

इ. स. १६१० मध्ये गॅलिलिओला शनीच्या दोन्ही बाजूंस दोन सोबती असल्यासारखे दिसले. दोन वर्षांनी ते नाहीसे झालेले पाहून तो चकित झाला. याचा उलगडा १६५९ मध्ये हायगेन्सने प्रसिद्ध केला. शनीभोवती एक पातळ वलय असून ते त्याच्या कक्षेच्या प्रतलाशी तिरपे आहे. शनीच्या सुमारे साडेएकोणतीस वर्षांच्या प्रदक्षिणेत दोन वेळा या वलयाची केवळ धार पृथ्वीकडे येते व ते जणू लुप्त होते. मार्च २०२५ मध्ये असाच योग आला होता.

ते लुप्त का होते, हे त्याच्या मापांवरून कळते. मुख्य वलयांचा बाह्य व्यास सुमारे २,७०,००० किलोमीटर आहे. जाडी मात्र बहुतेक ठिकाणी अवघी दहा मीटरांच्या आसपास भरते. याच प्रमाणात २७ किलोमीटर व्यासाची एक तबकडी केली, तर तिची जाडी केवळ एक मिलिमीटर ठेवावी लागेल.

एवढे विस्तीर्ण व पातळ कडे घन असते तर काय झाले असते? ग्रहाच्या जवळून फिरणाऱ्या वस्तूस अधिक वेगाने फिरावे लागते, दूरच्या वस्तूस कमी वेग पुरतो. घन कड्याचे सर्व भाग एकाच वेळात एक फेरी पुरी करतात. त्यामुळे आतील भागावर ग्रहाकडे ओढ, तर बाहेरील भागावर दूर जाण्याचा ताण पडून ते भंगले असते. १८५९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात मॅक्सवेलने दाखवून दिले की, ही वलये घनही नसावीत आणि द्रवही नसावीत. स्वतंत्रपणे फिरणाऱ्या असंख्य तुकड्यांचीच ती बनलेली असली पाहिजेत. १८९५ मध्ये कीलरने वर्णपटाच्या साहाय्याने वलयांचा वेग मोजला, तेव्हा आतील भाग बाहेरच्यापेक्षा वेगाने फिरत असल्याचे आढळले. आतील काठाचे तुकडे सुमारे सहा तासांत, तर बाहेरील काठाचे चौदा तासांहून थोड्या अधिक वेळात एक फेरी पुरी करतात.

हे तुकडे जवळजवळ शुद्ध पाण्याच्या बर्फाचे आहेत. त्यांत वाळूच्या कणाएवढे आहेत, तसेच घराएवढेही आहेत. त्यांचा मिळून एक उपग्रह का होत नाही, याचे कारण रोशने १८४८ मध्ये दिले. ग्रहाच्या फार जवळ असता दोन तुकड्यांमधील परस्पर आकर्षणापेक्षा त्यांस विलग करणारी ग्रहाची भरतीची ओढ प्रबळ ठरते.

दूरचे उपग्रहही वलयांना आकार देतात. १६७५ मध्ये कॅसिनीस वलयांत एक काळी फट दिसली. तिची रुंदी सुमारे ४,८०० किलोमीटर आहे. तिच्या आतील काठाचे तुकडे मिमास या उपग्रहाच्या एका फेरीत दोन फेऱ्या पुऱ्या करतात. त्यामुळे मिमासची ओढ त्यांना पुनःपुन्हा ठराविक ठिकाणीच बसते आणि झोक्यास वेळेवर दिलेल्या हेलकाव्याप्रमाणे तिचा परिणाम साठत जातो.

ज्योतिर्विद कॅसिनीचेच नाव दिलेले यान २००४ पासून २०१७ पर्यंत शनीभोवती फिरत होते. त्याच्या अखेरच्या फेऱ्यांत सर्व वलयांचे वस्तुमान मिमासच्या सुमारे दोन पंचमांश भरले. वलयांतील द्रव्य सतत शनीवर पडत असल्याचेही दिसून आले. बर्फ इतका स्वच्छ आहे, यावरून वलये दहा ते चाळीस कोटी वर्षांचीच असावीत, असे काही शास्त्रज्ञ मानतात. धूळ बर्फावर टिकतच नसावी, म्हणून ती शनीइतकी जुनी असू शकतील, असे इतरांचे मत आहे. वय काहीही असो, पडणाऱ्या द्रव्याने वलये हळूहळू झिजत आहेत. शनीचे हे भूषण चिरंतन नव्हे.