दोघांचा गोंधळ

लग्नाची हळद फिटते आणि रात्री अंगणात पाट मांडला जातो. त्यावर नवं कापड, धान्याची रास, कलश, नारळ. भोवती उसाच्या किंवा ज्वारीच्या 5 धाटांचा मांडव. दिवटी पेटते, संबळ कडाडतो आणि गोंधळी गाऊ लागतो.

गोंधळी हे देवीचे पिढीजात उपासक, भटक्या जमातींत गणलेले. तुळजाभवानीचे कदमराई, माहूरच्या रेणुकेचे रेणुराई, अशा त्यांच्या दोन शाखा. गळ्यात कवड्यांची माळ. संबळ म्हणजे कमरेला बांधलेली लहानमोठ्या तोंडांची जोडवाद्यं. त्यांतल्या एकावर पडणारी काठी टोकाशी वळलेली असते. तुणतुण्याची एकच तार नायकाच्या गळ्याला सूर धरून देते.

आधी गण. मग आवाहन: तुळजापूर, माहूर, कोल्हापूर, जेजुरी, पंढरपूर, एकेका ठाण्याचं नाव घेऊन देवांना या अंगणात बोलवायचं. मध्यरात्र कलली की आख्यान. नायक कथा सांगतो, साथीदार मध्येच अडवून गावरान शंका काढतो आणि शंकेचं उत्तर देता देता कथा पुढे सरकते. द्रौपदीच्या मनातलं गुपित उघड करणारं जांभूळ आख्यान याच परंपरेतलं. शाहीर विठ्ठल उमप यांनी ते शहरी रंगमंचावर नेलं. परभणीच्या राजाराम कदमांनी गोंधळाला अंगणाबाहेरचे रसिक मिळवून दिले.

पण या कलेचा गाभा मला दिसतो तो करपल्लवीत. प्रेक्षकांतलं कुणी एका गोंधळ्याच्या कानात नाव सांगतं. तो तोंडातून अक्षर काढत नाही, नुसती बोटं हलवतो. आणि लांब उभा असलेला साथीदार ते नाव बिनचूक सांगतो. ही बोटांची भाषा घरातच मुरते, बापलेकांत, भावाभावांत. शिकायला दोघं लागतात, टिकवायलाही दोघंच. त्यांतला एक पोटासाठी शहरात गेला, की मागे राहिलेल्याची बोटं मुकी होतात.

म्हणून केवळ ध्वनिमुद्रण करून गोंधळ जपला जाईल, असं मला वाटत नाही. मुद्रण हवंच, मुंबई विद्यापीठाच्या लोककला अकादमीसारखी शिक्षणाची ठिकाणंही हवीत. पण गाणं मुद्रित होतं, रात्र होत नाही. मंचावरच्या दहा मिनिटांत गण मावेल, आख्यान मावणार नाही. आख्यान सांगायची वेळच आली नाही, तर ते पाठ ठेवायचं कुणी आणि कशासाठी?

गोंधळ्याची पोथी म्हणजे त्याचं यजमान घर. पिढ्यान्‌पिढ्या एका कुळाने बोलवायचं आणि दुसऱ्याने गायचं, या नात्यावर ही विद्या जगली. त्यातला गोंधळी अजून वाट पाहतो आहे. तुमच्या घरी कुळाचाराचा गोंधळ असेल, तर यंदाच्या लग्नात तो उरकू नका. आपल्या गावच्या गोंधळ्याला बोलवा, त्याच्या साथीदारासह बोलवा, दोघांची बिदागी मानाने द्या, आणि पहाटेच्या आरतीपर्यंत समोर बसा.