प्रोग्रामरांसाठीचा प्रगत मजकूर संपादक : 'व्हिम'च्या वैशिष्ट्यांचा परिचय

प्रस्तावना :
संगणकीय प्रोग्राम हा मुळात साधा मजकूर असतो. पत्र लिहिणारा मनुष्य एकदा लिहितो आणि थोडे दुरुस्त करतो. प्रोग्रामर मात्र लिहिण्यापेक्षा वाचण्यात, शोधण्यात आणि बदलण्यातच अधिक वेळ घालवितो. त्यामुळे त्याच्या साधनाकडून असणाऱ्या अपेक्षाही शब्दप्रक्रियकापेक्षा भिन्न असतात. आपल्या महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत भाषा शिकविली जाते, अल्गोरिदम शिकविले जातात. परंतु ज्या साधनात विद्यार्थी तासन्‌तास काम करतो, त्याचे शिक्षण बहुधा दिले जात नाही. प्रस्तुत लेखात 'व्हिम' या संपादकाच्या आधारे प्रगत संपादकाची वैशिष्ट्ये विशद केली असून त्याच्या अध्यापनातील स्थानाचा विचार केला आहे.

पार्श्वभूमी :
युनिक्सवरील 'एड' हा केन थॉम्पसन यांचा संपादक एका वेळी एकेका ओळीवर काम करणारा होता. बिल जॉय यांनी १९७६ च्या सुमारास बर्कले येथे 'व्हीआय' हा संपूर्ण पडद्यावर मजकूर दाखविणारा संपादक तयार केला. त्यांच्या एडीएम-३ए या टर्मिनलवर एच, जे, के, एल या कळांवरच बाणांची चिन्हे छापलेली होती. कर्सर हलविण्यासाठी आजही त्याच कळा वापरल्या जातात. नेदरलँड्सचे ब्रॅम मोलेनार यांनी अमिगा संगणकासाठी 'व्हीआय'ची सुधारित आवृत्ती रचली व १९९१ मध्ये ती 'व्हिम' या नावाने प्रसिद्ध केली. हा संपादक विनामूल्य असून युगांडातील बालकांना साहाय्य करावे, असे आवाहन त्यासोबत केलेले असते. मोलेनार यांचे २०२३ मध्ये निधन झाले. त्यानंतर स्वयंसेवकांनी हे कार्य पुढे चालविले आहे.

प्रमुख वैशिष्ट्ये :

१) कार्यावस्था : व्हिममध्ये 'सामान्य', 'लेखन' आणि 'निवड' अशा स्वतंत्र अवस्था आहेत. सामान्य अवस्थेत कळ दाबली असता अक्षर उमटत नाही, तर आज्ञा पाळली जाते. नवख्याला हे विचित्र वाटते. परंतु संपादनाच्या कामात बदलांचे प्रमाण अधिक असते, हे ध्यानी घेतल्यास यामागील तर्क पटतो.

२) आज्ञांचे व्याकरण : व्हिमच्या आज्ञा वाक्यासारख्या जोडता येतात. 'डी' म्हणजे पुसणे, 'सी' म्हणजे बदलणे, 'वाय' म्हणजे प्रत घेणे, ही क्रियापदे होत. 'डब्ल्यू' म्हणजे शब्द, 'ए-पी' म्हणजे परिच्छेद, ही त्यांची कर्मे. 'डी-डब्ल्यू' ने शब्द पुसला जातो, 'डी-३-डब्ल्यू' ने तीन शब्द, तर 'वाय-ए-पी' ने परिच्छेदाची प्रत घेतली जाते. तीन क्रियापदे व दहा कर्मे शिकल्यास तीस क्रिया हाती येतात. पाठांतरापेक्षा रचनेला येथे महत्त्व आहे. टिंबाची कळ दाबल्यास आधीचा बदल पुन्हा घडतो, ही त्यातील आणखी एक सोय.

३) मॅक्रो : साठ विद्यार्थ्यांच्या यादीत 'आडनाव, नाव' हा क्रम उलटवावयाचा आहे असे समजू. पहिल्या ओळीवरील कृती नोंदवून ठेवावी, शेवटी कर्सर पुढील ओळीच्या आरंभी आणावा आणि ती कृती ५९ वेळा करण्याची आज्ञा द्यावी. संपूर्ण यादी क्षणात तयार होते.

४) नमुन्यानुसार शोध व बदल : 'टोटल' हे नाव बदलताना 'सबटोटल' ला धक्का लागू नये, यासाठी शब्दाच्या सीमा सांगता येतात व प्रत्येक ठिकाणी संमती देऊन बदल करता येतो.

५) पूर्वस्थिती व पुनर्प्राप्ती : सर्वसामान्य संपादकात बदल मागे घेऊन नवे टंकन केले की मागे घेतलेला मजकूर कायमचा जातो. २००६ च्या सातव्या आवृत्तीपासून व्हिममध्ये या बदलांच्या शाखा राखल्या जातात. दहा मिनिटांपूर्वीची स्थितीही मागता येते. २०१० च्या ७.३ आवृत्तीपासून, तशी योजना केल्यास, फाईल बंद केल्यानंतरही हा इतिहास टिकतो. याशिवाय मूळ योजनेनुसार दर २०० अक्षरांनंतर, किंवा टंकन चार सेकंद थांबल्यास, बदल एका साहाय्यक फाईलमध्ये नोंदविले जातात. तास चालू असताना वीज गेल्यावर त्याचे मोल कळते.

६) भाषेची जाण : वाक्यरचनेनुसार रंगभेद, मजकुराच्या घड्या आणि पडद्याचे विभाजन या सोयी व्हिममध्ये आहेतच. २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टने जाहीर केलेल्या 'लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल' मुळे त्रुटिदर्शन व व्याख्याशोध यांची जबाबदारी स्वतंत्र प्रोग्रामकडे देता येते. पूरक प्लगइनद्वारे व्हिमलाही त्याचा लाभ मिळतो.

मर्यादा :
आरंभीचे काही दिवस कामाची गती घटते, हे मान्य केले पाहिजे. मराठी मजकुराबाबत दोन अडचणी येतात. टर्मिनलमध्ये जोडाक्षरे नीट दिसणे हे त्या टर्मिनलच्या क्षमतेवर अवलंबून असते. दुसरे असे की कळफलक मराठीत असताना सामान्य अवस्थेतील रोमन आज्ञा ओळखल्या जात नाहीत. व्हिमच्या अंतर्गत 'कीमॅप' सोयीने केवळ लेखन अवस्थेत देवनागरी टंकन ठेवून यावर उपाय करता येतो. मोठ्या प्रकल्पात त्रुटिशोधनासह सर्व साधने एकत्र हवी असल्यास २०१५ मध्ये आलेला 'व्हिज्युअल स्टुडिओ कोड' अनेकांना सोयीचा वाटतो. त्यातही प्लगइनच्या साहाय्याने व्हिमच्या कळा वापरता येतात.

अध्यापनातील स्थान :
केवळ बटण दाबून प्रोग्राम चालविण्याची सवय झालेला विद्यार्थी दूरच्या सर्व्हरवर, जेथे माऊसही नसतो, तेथे गोंधळून जातो. लिनक्सच्या बहुतेक सर्व्हरवर 'व्हीआय' कुळातील एखादा संपादक असतोच. शिवाय जुन्या, अल्प क्षमतेच्या संगणकांवरही तो चालतो. पहिल्या सत्रातील एका प्रात्यक्षिकात सुमारे अर्ध्या तासाचा 'व्हिमट्यूटर' हा अंतर्भूत पाठ करून घेता येईल. तो सक्तीचा किंवा गुणांकित नसावा. पुढे संपादक निवडण्याचे स्वातंत्र्य विद्यार्थ्याला असावे.

समारोप :
प्रगत संपादकाचे मर्म सोयींच्या संख्येत नसून, वारंवार करावयाच्या कृती अल्प श्रमात व निर्धोकपणे करता येण्यात आहे. आपल्या साधनाचे अंतरंग जाणणारा विद्यार्थी साधन बदलले तरी अडत नाही. संगणकशास्त्राच्या अध्यापकांनी हे शिक्षण अभ्यासक्रमाबाहेरचे न मानता प्रात्यक्षिकाचाच भाग समजावे, हे इष्ट ठरेल.